घरच्या सिंथसाठी डबा: मापापासून उद्यमनगरापर्यंत

घरी बनवलेल्या सिंथचं (सिंथेसायझर, म्हणजे विजेवर सूर काढणारं वाद्य) सर्किट वाजायला लागलं की दिसेल त्या डब्यात ते कोंबायचा मोह होतो. पण डबा सगळ्यात शेवटी ठरवावा. आधी पॉट (पोटेन्शियोमीटर, ज्याच्या दांड्यावर नॉब बसतो तो फिरता भाग), जॅक (केबल खुपसायचं भोक), स्विच, नॉब हातात हवेत, कारण एकाच नावाच्या दोन पॉटचा गळा, म्हणजे पत्र्याच्या छिद्रातून जाणारा आट्यांचा भाग, वेगवेगळ्या मापाचा निघतो.

१. मोजा. व्हर्नियर कॅलिपरने प्रत्येक भागाचा गळा मोजा आणि छिद्र अर्धा मिमी मोठं धरा. १६ मिमीच्या पॉटचा गळा बहुधा ७ मिमी, म्हणजे छिद्र साडेसात. पॉटच्या अंगावरच्या बारीक जिभेसाठी वेगळं छिद्र ठेवा. ते विसरलं तर नॉबबरोबर अख्खा पॉट फिरतो आणि मागच्या तारा तुटतात. उंचीचा हिशोब असा: स्पेसर (बोर्ड तळापासून उचलून धरणारा खांब) ८, सर्किटचा बोर्ड १.६, सर्वांत उंच कपॅसिटर १६, मोकळी जागा ५, पॉट आणि तारा १५. बेरीज ४५.६, म्हणून आतली उंची ५० मिमी.

२. पुठ्ठ्यावर वाजवून बघा. आराखडा मूळ मापात छापा. प्रिंटर 'पानात बसवा' म्हणत सगळं आक्रसवतो, म्हणून कागदावर १०० मिमीची रेघ काढून पट्टीने तपासा. तो चपलांच्या खोक्यावर चिकटवून खरे नॉब लावा. २० मिमीच्या नॉबना केंद्रापासून केंद्रापर्यंत ३० मिमी अंतर बोटांना पुरतं. जॅक मागच्या बाजूला घ्या, नाहीतर केबल नॉबवर लोळते.

३. पत्रा. पहिल्या डब्याला १.६ मिमी अ‍ॅल्युमिनियम बरा: घरच्या ड्रिलने कापला जातो आणि लोखंडासारखा गंजत नाही. इंग्रजी 'यू'च्या आकाराचे दोन तुकडे, एक तळ, एक झाकण. कोल्हापुरात पत्रा कापून वाकवून घ्यायला शिवाजी उद्यमनगरात जावं. जाडी गेजमध्ये (पत्र्याच्या जाडीचे नंबर) सांगू नका, मिमीत लिहून द्या. कारागीर 'दोन सूत' म्हणाला तर ते पाव इंच, सुमारे ६.३५ मिमी. लेझर कटिंगसाठी आराखड्याची डीएक्सएफ फाइल करण्याआधी बेंडिंगवाल्याला घडीची वजावट विचारा. नुसत्या बाहेरच्या मापांची बेरीज केली तर दोन घड्यांत डबा साधारण ५ मिमी मोठा होतो. घडीपासून ८ मिमीच्या आत छिद्र नको, ते ओढलं जाऊन लांबट होतं.

४. छिद्रं. छिद्राच्या मध्यावर पंचने खूण मारा, ३ मिमीचं छिद्र पाडा, मग स्टेप ड्रिलने (पायऱ्यापायऱ्यांनी रुंद होत जाणारं ड्रिल) मोठं करा. खाली लाकडी ठोकळा आणि वर क्लॅम्प हवाच. मोकळा पत्रा ड्रिलमध्ये अडकला की गरगर फिरतो आणि हात कापतो. कडा कानशीने मारून घ्या.

५. रंग आणि ग्राउंड. पावडर कोटिंगने (भट्टीत भाजून बसवलेला भुकटीचा रंग) छिद्र थोडं आवळतं आणि पत्र्यावर वीजरोधक थर बसतो. म्हणून ग्राउंडच्या स्क्रूखाली रंग खरवडून दातेरी वॉशर घाला. सर्किटचं ग्राउंड डब्याला एकाच ठिकाणी जोडा, घूं-घूं कमी होते. २३० व्होल्ट डब्यात आणूच नका, ९ व्होल्टचा तयार अ‍ॅडॉप्टर बाहेर राहू दे. ब्लूटूथ असेल तर मात्र पूर्ण धातूचा डबा चालत नाही.

६. पाऊस. बाजूला सागवानी फळ्या शोभून दिसतात, पण जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत लाकूड फुगतं. फळीचे स्क्रू लांबट खाचेत बसवा. डब्यावरच्या अक्षरांवर मारायची लॅकर (पारदर्शक वॉर्निश) त्या दिवसांत मारली की पांढुरकी पडते, उघडीप बघून मारा.

झाकणाला पत्र्याचे स्क्रू थेट मारले तर चार-पाच उघडझापींत अ‍ॅल्युमिनियमचे आटे जातात. तिथे एम३ (३ मिमी स्क्रूचे) रिव्हनट, म्हणजे पत्र्यात रिव्हेटसारखे पक्के बसणारे नट, बसवून घ्या.