नदीच्या अभ्यासाला माणसं नेमताना

कोल्हापूरच्या पंचगंगेच्या प्रदूषणाची झळ कुणाला जास्त बसते, हे शोधायला गट जमवताय? मग आधी गटात कोण कोण आहे ते बघा. नदीत जाळं टाकणारे, खाली शिरोळकडं तेच पाणी पिणारे, शहराचं सांडपाणी आणणाऱ्या जयंती नाल्याकाठी राहणारे आपल्या पाहणीच्या फॉर्मवर असतात, पगारपत्रकावर नसतात. मी नेमणुकांचं काम बघते, म्हणून चार गोष्टी सांगते.

विद्यापीठाच्या फलकावर इंग्रजीत जाहिरात लावली की ठरावीक पोरंच येतात. मराठीत लिहा, पगाराचा आकडा पहिल्याच ओळीत टाका, आणि तालमीत, रेशन दुकानात, बचत गटाच्या बैठकीत स्वतः जाऊन वाचून दाखवा. एम.एस्सी.ची अट सगळ्याच पदांना कशाला?

मुलाखत ऑफिसात नको, नदीवरच्या राजाराम बंधाऱ्यावर घ्या. पाणी कधी काळं पडतं, फेस कुठनं येतो, मासा कधी वर येतो, एवढंच विचारा. ज्याला ठाऊक आहे तो बोटानं दाखवतो. बाकीचं शिकवता येतं. विरघळलेला ऑक्सिजन बघायची बाटली हवेचा बुडबुडा न राहता काठोकाठ भरायची, काठावरच मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड ही दोन रसायनं घालायची, बूच लावून हलवायचं. तपकिरी साका आला तर ऑक्सिजन आहे, पांढराच राहिला तर पाण्यात जीव नाही. हातमोजे घालून दोन-चारदा केलं की कुणालाही जमतं.

आता खरी गोम. नेमणूक झाली की नाल्यात कोण उतरतं, लॅपटॉपपुढं कोण बसतं, हे बघा. वस्तीतल्या पोरानं बाटल्या भरायच्या आणि बाकीच्यांनी तक्ते करायचे, असं चाललं तर जातीची जुनीच वाटणी नव्या नावानं सुरू झाली म्हणायची. पाळ्या लावा. नाल्यात सगळ्यांनी उतरायचं, प्रमुखानंसुद्धा. आणि तक्ते सगळ्यांनी शिकायचे. यावर कुरकुर होते, होऊ दे.

पैसे महिन्याच्या महिन्याला द्या. एसटीचं भाडं आगाऊ द्या. "बिल आणा, मग बघू" म्हटलं की बायका दुसऱ्या महिन्यात भांगलायला परत जातात, आणि त्यांचं चुकत नाही. बैठक सकाळी आठला ठेवू नका, त्या वेळी घरात चूल आणि पाणी असतं.

शेवटी हिशेब. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ ला करवीर संस्थानात मागासलेल्यांसाठी निम्म्या जागा राखल्या, हे कोल्हापुरात पोराटोरांना पाठ आहे. त्याच हुकमात दर तिमाहीला नेमणुकांचा तक्ता खातेप्रमुखांनी सादर करावा, असंही होतं. तेवढं मात्र कुणी सांगत नाही. तुम्हीही तसाच तक्ता ठेवा: कोण आलं, कोण सोडून गेलं, का गेलं, अहवालावर कुणाचं नाव लागलं. सोडून गेलेल्यांच्या घरी जाऊन विचारा, फोनवर खरं कारण कळत नाही.