गाणाऱ्या-वाजवणाऱ्याशी सूत जुळवताना

मैफलीत पुढच्या रांगेत बसणाऱ्याला एक भ्रम हमखास होतो, तो म्हणजे वादकाने मान वर करून आपल्याकडेच पाहिले. बहुतेक वेळा तो मॉनिटरचा, म्हणजे मंचावर त्याच्याकडे तोंड केलेल्या स्पीकरचा, आवाज वाढवण्यासाठी साउंडवाल्याला खुणावत असतो. परभणीतल्या एका तबलावादकाशी माझी ओळख अशाच गैरसमजातून झाली आणि पुढे संसारही झाला, म्हणून पहिली सूचना अनुभवातून करते: निर्णय मैफल ऐकून घेऊ नये, रियाज ऐकून घ्यावा. घरच्यांना सांगून दोन-तीन सकाळी रियाजाच्या वेळी जाऊन बसावे. ‘धाति टधा तिट धाधा तिट धागे तिना किना’ हा दिल्ली घराण्याचा कायदा, म्हणजे तबल्याच्या बोलांची ठरलेली रचना, आधी ठाय म्हणजे संथ लयीत, मग दुगुणीत म्हणजे दुप्पट वेगात आणि बोट अडखळले की पुन्हा पहिल्यापासून, असे तासभर ऐकून कंटाळा आला तर त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही; मात्र तोच कायदा उद्या तुमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडे रोज वाजणार आहे, हे ध्यानात असू द्यावे.

खरे आकर्षणही याच रियाजात असते. ज्याचा कान वर्षानुवर्षे सुरातला बारीक फरक टिपायला शिकला आहे, त्याला फोनवरच्या ‘बरी आहे’ या दोन शब्दांतला उतरलेला आवाज लगेच कळतो. त्यातही साथसंगत करणाऱ्याला दुसऱ्याची तान पूर्ण होईपर्यंत ठेका धरून थांबण्याची सवय असते आणि ही सवय भांडणात फार कामाला येते. साथीदाराशी संसार गायकापेक्षा सोपा जातो, असे माझे मत आहे. गायकांच्या घरच्यांनी रागावू नये.

यानंतर त्याचे वर्षाचे वेळापत्रक मागावे आणि तेही तोंडी नको, डायरीतले. तुळशीचे लग्न लागले की लग्नसराई सुरू होते आणि ती आषाढाच्या तोंडापर्यंत चालते. मधूनमधून गावोगावचे अखंड हरिनाम सप्ताह असतात. पखवाजवादक असेल तर पत्रिकेवर ‘मृदंगाचार्य’ म्हणून त्याचे नाव छापले जाते आणि सात दिवस तो त्या गावचाच होऊन जातो. चातुर्मासात लग्ने थांबतात, म्हणून तो मोकळा होईल असे समजू नये, कारण तेव्हा श्रावणातली भजने, गणपती आणि नवरात्र येते. दिवाळीत ‘दिवाळी पहाट’ असते. माझ्या पहिल्या पाडव्याला ओवाळणीचे ताट सकाळपासून तयार होते आणि नवरा दुपारी दीड वाजता नांदेडहून परतला, तोवर निरांजनातले तूप दोनदा संपले होते. गुरुपौर्णिमेचा दिवस गुरूंचा असतो, त्याविषयी वाद घालू नये.

पैशाविषयी मात्र संकोच न करता विचारावे. सुपारी ठरताना विसार किती घेतला जातो, उरलेली बिदागी कधी हातात येते आणि ती मागण्याचे धाडस त्याच्यात आहे का, हे तिन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत. शाल, श्रीफळ आणि स्मृतिचिन्ह व्यासपीठावर सर्वांसमक्ष मिळते. पाकिटाचे मात्र ‘सर, नंतर बघू’ असे होते. आमच्या काचेच्या कपाटात स्मृतिचिन्हे मावत नाहीत आणि किराणावाल्याची वही त्याच कपाटावर ठेवलेली असते. शिवाय मराठवाड्यात कलावंताची मिळकतही पावसावरच अवलंबून असते, हे बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. सोयाबीन हातचे गेले की सप्ताहाची वर्गणी आटते आणि लग्ने दारातल्या मांडवात उरकतात. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या हंगामात आमचे दोन ठरलेले कार्यक्रम रद्द झाले आणि एकाने तर विसारही परत मागितला. त्यामुळे शिकवणी आहे का, हे आवर्जून पाहावे. गांधर्व महाविद्यालयाच्या संगीत परीक्षांना बसणारे पंधरा-वीस विद्यार्थी दरमहा फी देत असतील, तर घराला तेवढा तरी निश्चित आधार राहतो.

मुलगी गायिका असेल आणि तुम्ही तिच्या प्रेमात असाल, तर ‘लग्नानंतरही गाशील ना?’ असे मोठेपणाने विचारू नये, कारण त्या प्रश्नातच परवानगी देणाऱ्याचा सूर असतो. त्यापेक्षा गाडी चालवायला शिकावे, रात्री एक वाजता तानपुऱ्याची पेटी उचलावी आणि कार्यक्रम किती वाजता संपेल, हे तीनदा विचारू नये.

कार्यक्रमाहून परतलेल्या माणसाशी त्या रात्री कोणताही गंभीर विषय काढू नये. अंगात लय भिनलेली असते, झोप येत नाही आणि भूक मात्र लागलेली असते. पिठले-भाकरी झाकून ठेवावी. कार्यक्रम कसा झाला, ते दुसऱ्या दिवशी दुपारी विचारावे, म्हणजे खरे उत्तर मिळते.

सगळ्यात मोठे भांडण अगदी अनपेक्षित गोष्टीवरून होते, याचीही तयारी ठेवावी. आमचे ते कूलरवरून झाले. मे महिन्यात परभणीचा पारा बेचाळीसच्या पुढे जातो, आणि कूलरची दमट हवा लागली की तबल्याची पुडी, म्हणजे वरचे चामडे, सैल पडून स्वर उतरतो, म्हणून रियाजाच्या खोलीत कूलर लावायचा नाही, असा फतवा निघाला. घरात खोल्या दोन आणि कूलर एक. दोन उन्हाळे धुसफुस झाली. मग मी कागदावर वेळा लिहून तो भिंतीला चिकटवला: सकाळी सहा ते नऊ कूलर बंद, दुपारी बारापासून तबला गवसणीत घालून दुसऱ्या खोलीत, लोखंडी कपाटात. हा कागद आता पिवळा पडला आहे, पण अजून कोणी काढलेला नाही.