साखर की शुगर फ्री? चहापासून मोदकापर्यंत काय वापरायचं

डायबिटीस निघाला की लोक थेट मेडिकलमधून शुगर फ्रीच्या गोळ्या आणतात. आणा, पण आधी दिवसाला साखर किती जाते ते मोजा. चार कप चहा आणि प्रत्येकात दोन चमचे, म्हणजे झाली की ३२-४० ग्रॅम, आणि यात बिस्किटं, सॉस, चिवड्यातली पिठीसाखर धरलेलीच नाही. डब्ल्यूएचओच्या मते अशी साखर जमलं तर २५ ग्रॅमच्या आत हवी, साधारण सहा चमचे. मध पण यातच आला आणि गूळही, गुळाने शुगर वाढत नाही म्हणणाऱ्याच्या हातात एकदा ग्लुकोमीटर द्या फक्त.

आता गोळी घेताना डबीच्या मागे बघा, नाव नसलं तरी नंबर असतो. ९५१ म्हणजे अ‍ॅस्पार्टेम, ९५५ सुक्रालोज, ९५४ सॅकरिन, ९६० स्टीव्हिया. अ‍ॅस्पार्टेम उकळलं की गोडवा उतरतो, त्यामुळे ती गोळी चहा कपात गाळल्यावर टाकायची, पातेल्यात नाही. शिरा-खिरीला सुक्रालोज चालतं, पण पाकाला यातलं काहीच नाही, कारण चिमूटभर पावडरीला तार कुठून येणार, चिक्की आणि रव्याचे लाडू सोडूनच द्या. उकडीच्या मोदकात गूळ कमी करून खोबरं वाढवा आणि चारऐवजी एकच खा, सारणात पावडर घालून मोदकाची वाट लावण्यापेक्षा ते बरं (हे माझं मत, आजी लोकांना विचारा).

'शुगर फ्री' मिठाई आणि बिस्किटांत मात्र लोक हमखास फसतात. साखर काढली तरी मैदा, खवा, तूप तिथेच असतं ना. वर ९६५, म्हणजे माल्टिटॉल, दिसलं तर त्याने शुगर थोडी वाढतेच आणि जास्त खाल्लं तर पोट ढुम्म, कधी जुलाब. खजूर बर्फीवर 'नो अ‍ॅडेड शुगर' लिहिलेलं खरं असतं, पण खजुरात साखर नाही तर काय आहे?

कॅन्सरचं विचाराल तर २०२३ मध्ये डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संशोधन संस्थेने अ‍ॅस्पार्टेमला 'कॅन्सर होण्याची शक्यता' असलेल्या २बी गटात टाकलं, कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही त्याच गटात आहे. पुरावा मर्यादित आहे असा त्याचा अर्थ. रोजची मर्यादा मात्र दुसऱ्या तज्ज्ञ समितीने वजनाच्या किलोमागे ४० मिलिग्रॅम तीच ठेवली, म्हणजे ७० किलोच्या माणसाला ती ओलांडायला दिवसाला डाएट कोल्ड्रिंकचे ९ ते १४ कॅन लागतील. फिनाइलकीटोन्युरिया (अ‍ॅस्पार्टेममधला एक घटक शरीराला पचवता न येण्याचा जन्मजात आजार) असलेल्यांनी अ‍ॅस्पार्टेम अजिबात घ्यायचं नाही, ते पॅकवर लिहिलेलंच असतं.

मला त्याच वर्षीची डब्ल्यूएचओची दुसरी सूचना जास्त कामाची वाटते, वजन कमी करायला स्वीटनर वापरू नका, लांबच्या पल्ल्यात फायदा दिसत नाही. ही सूचना आधीपासून डायबिटीस असलेल्यांसाठी नाही, पण व्हॉट्सअ‍ॅपवर फिरताना नेमकी ती ओळ गळते. म्हणून डायबिटीसवाल्यांनी चहात एखादी गोळी घ्यायला हरकत नाही, शुगर एकदम चढत नाही, दातही किडत नाहीत (डाएट कोल्ड्रिंकमधलं अ‍ॅसिड दात झिजवतं ते वेगळं). ज्यांना फक्त वजन उतरवायचंय त्यांनी गोळीच्या नादी न लागता दर आठवड्याला अर्धा चमचा साखर कमी करावी, जीभ हळूहळू सरावते. लहान मुलांना तर दोन्ही कमीच द्या.

आणि इन्सुलिन किंवा शुगर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा: घाम फुटला, हातपाय थरथरायला लागले, शुगर ७० च्या खाली दिसली, तर शुगर फ्री काही कामाचं नाही, डाएट कोल्ड्रिंकही नाही. तीन चमचे खरी साखर पाण्यात विरघळवून द्या आणि १५ मिनिटांनी परत तपासा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ हॉस्पिटल गाठायचं.