बारोलो: कोणती घ्यावी, किती मुरवावी, कशी उघडावी

बारोलो ही इटलीची तांबडी वाइन विकत घेण्यापूर्वी ती कधी प्यायची आहे, हे ठरवावे, कारण गाव, साल आणि उत्पादक यांची निवड त्यावरच अवलंबून असते. बहुतेक जण आधी नामांकित बाटली घेतात, मग उत्साहाच्या भरात चारपाच वर्षांच्या आतच उघडतात आणि एवढे पैसे देऊन नुसता तुरटपणाच वाट्याला आला म्हणून हळहळतात.

ही वाइन इटलीच्या वायव्येकडील पिएमोंते प्रांतात, आल्बा शहराच्या नैऋत्येला पसरलेल्या लांगे टेकड्यांवर तयार होते. त्यासाठी केवळ नेब्बियोलो जातीचीच द्राक्षे वापरावी लागतात आणि ती ठरावीक 11 गावांच्या हद्दीतलीच असावी लागतात. नेब्बियोलोला फुटवा लवकर येतो, पण ती पिकते फार उशिरा, बहुधा ऑक्टोबरात, जेव्हा या टेकड्यांवर सकाळी धुके उतरलेले असते. तिच्या वाइनचा रंग फिका असतो, मात्र तुरटपणा आणि आंबटपणा दोन्ही जबर असतात, आणि त्या दोहोंच्या बळावरच ती वीस-तीस वर्षे टिकते. तेव्हा पेल्यातला रंग पाहून वाइन हलकी असल्याचा समज करून घेऊ नये.

लेबलावर प्रथम साल, म्हणजे द्राक्षांच्या काढणीचे वर्ष, पाहावे. नियमानुसार काढणीच्या वर्षातील 1 नोव्हेंबरपासून किमान 38 महिने वाइन मुरवावी लागते, त्यांपैकी 18 महिने लाकडी पिंपात. ‘रिझेर्वा’ असे लिहिलेले असल्यास ही मुदत 62 महिन्यांची होते. म्हणजे 2021 च्या द्राक्षांची साधी बारोलो 2025 च्या जानेवारीपासून बाजारात येऊ शकते. विक्रीस येणे आणि पिण्यायोग्य होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे दुकानदार सहसा सांगत नाही.

यानंतर गाव पाहावे, आणि माझ्या मते खरी निवड इथेच होते. पश्चिमेकडील ला मोर्रा आणि बारोलो या गावांत निळसर-करड्या, चुनखडीयुक्त चिकणमातीचा भाग मोठा आहे. तिथल्या वाइनचा सुगंध लवकर खुलतो आणि तुरटपणा तुलनेने मऊ असतो. पूर्वेकडील सेर्रालुंगा द’आल्बा आणि दक्षिणेकडील मोन्फोर्ते येथील थर अधिक जुने असून त्यांत वालुकाश्म जास्त आहे. तिथली वाइन घट्ट, करारी आणि संथपणे मुरणारी असते. कास्तिल्योने फाल्लेत्तो या दोहोंच्या मधले. काढणीपासून आठ-दहा वर्षांत प्यायची असेल तर ला मोर्राची घ्यावी. पंधरा-वीस वर्षे थांबण्याची तयारी असेल तर सेर्रालुंगाची. कान्नुबी, ब्रुनाते अशी द्राक्षमळ्यांची नावेही लेबलावर दिसतात, आणि 2010 पासून त्यांच्या हद्दी अधिकृत आहेत. तरीही केवळ नावावर भुलू नये, कारण बुसिया हे एकच नाव सुमारे 300 हेक्टरांना लागू होते आणि एवढ्या पसाऱ्यात सगळी उतरण सारखी असणे शक्यच नाही.

सालांबाबत थोडक्यात सांगायचे तर 2010, 2013 आणि 2016 ही दीर्घकाळ ठेवण्याजोगी आहेत. 2014 पावसाळी होते, 2017 कडक उन्हाचे. उत्पादकांत मोठी जुनी पिंपे वापरणारे आणि लहान नवी फ्रेंच पिंपे वापरणारे असा वाद 1980 नंतर बराच गाजला, पण आता तो निवळला आहे. माझा कल मोठ्या पिंपांकडे आहे, कारण त्यांत लाकडाची चव वाइनवर चढत नाही.

साठवणीसाठी 12 ते 14 अंश सेल्सिअसचे स्थिर तापमान, अंधार आणि बाटली आडवी ठेवण्याची सोय हवी. आडवी, म्हणजे बूच ओले राहते. नागपूरच्या मे महिन्यात, किंवा पुण्याच्याही, कपाटात ठेवलेली बाटली वर्षानुवर्षे टिकणार नाही. वाइनसाठीचे वेगळे शीतकपाट नसेल तर मुरवण्याच्या भानगडीत न पडता आधीच मुरलेली बाटली घेणे शहाणपणाचे. परदेशातून येताना शुल्कमुक्त मर्यादा दोन लिटरची आहे, म्हणजे 750 मिलिलिटरच्या दोनच बाटल्या.

जुनी बाटली उघडण्यापूर्वी दोन दिवस उभी ठेवावी, जेणेकरून गाळ तळाशी बसेल. बूच ठिसूळ झालेले असते, म्हणून स्क्रू सरळ आणि खोलवर फिरवून ते न हिसकावता हळूहळू वर घ्यावे. मग बाटलीच्या मानेखाली विजेरी धरून वाइन एका संथ धारेत काचेच्या सुरईत ओतावी. मानेत धुरासारखी काळसर रेघ सरकताना दिसली की तिथेच थांबावे, तळाशी दोन-तीन घोट राहिले तरी चालतील. पंचवीस वर्षांची वाइन लगेच प्यायला घ्यावी, जास्त हवेने तिचा सुगंध उडतो. दहा वर्षांच्या आतली मात्र दोन-तीन तास सुरईत राहू द्यावी. पिताना तापमान 16 ते 18 अंश असावे, त्यामुळे आपल्याकडे बाटली आधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवणे भाग आहे.

सोबत मंद आचेवर शिजवलेले मटण उत्तम, पण तांबड्या रश्श्यापुढे ही वाइन काढू नये. तिखटाने तुरटपणा आणखी बोचतो. उरलेली तरुण वाइन बूच लावून फ्रिजमध्ये ठेवल्यास दुसऱ्या दिवशी अनेकदा अधिक चांगली लागते. जुनी मात्र त्याच रात्री संपवावी.