पीएचडीच्या जागेसाठी अर्ज करताना

जाहिरातीत आधी पाहायचं ते हे: जागा पगारी आहे की नुसता प्रवेश, आणि निधी किती वर्षांचा. काम ४ वर्षांचं नि निधी ३ वर्षांचा असेल, तर उरलेल्या वर्षाचं काय, हे आधीच विचारा. मुदतीची वेळ सहसा विद्यापीठाच्या घड्याळाची असते, तुमच्या नव्हे.

मार्गदर्शकांना ईमेल १५०-२०० शब्दांत. विषयाच्या ओळीत जाहिरातीचा क्रमांक. त्यांचा एखादा अलीकडचा शोधनिबंध खरोखर वाचून त्यातल्या पद्धतीवर एक नेमका प्रश्न विचारा. ‘आपलं काम प्रेरणादायी वाटलं’ हे वाक्य शंभर जणांना धाडलेलं असतं, ते लगेच कळतं. सीव्ही पीडीएफमध्ये, फाइलला तुमचं आडनाव (‘फायनल_नवीन_३’ नको).

बरेच अर्ज रखडतात ते शिफारसपत्रांपायी. प्राध्यापकांना महिनाभर आधी सांगा, तुमच्या संशोधन प्रस्तावाचा मसुदा सोबत द्या, मुदतीच्या आठवडाभर आधी आठवण करा.