कॉन्सर्टमास्टर व्हायचंय? या चुका टाळा

कॉन्सर्टमास्टर म्हणजे ऑर्केस्ट्रातल्या व्हायोलिनवादकांचा प्रमुख. त्या खुर्चीसाठी येणाऱ्यांचे कॉन्सर्टो (एकलवादक आणि ऑर्केस्ट्रासाठीच्या रचना) तयार असतात, स्पर्धांतली बक्षिसंही असतात, तरी ऑर्केस्ट्राच्या ऑडिशनमध्ये पहिल्याच फेरीत नाव कटतं. बहुतेकदा तयारी एकलवादनाची झालेली असते आणि इथे परीक्षा वेगळीच असते. सुरुवातीच्या फेऱ्या अनेक ठिकाणी पडद्याआड होतात. तिथे रुबाब कामाला येत नाही. रिचर्ड श्ट्राउसच्या ‘डॉन जुआन’चं पहिलं पान हमखास विचारतात. सगळे त्याचा वेग गाठायला धावतात आणि लय निसटते. मेट्रोनोम (ठेका देणारं यंत्र) लावून संथ बसवा. शिवाय संपूर्ण स्कोअर (सगळ्या वाद्यांची एकत्र स्वरलिपी) उघडून बाकीची वाद्यं तेव्हा काय वाजवतात ते पाहा. हे फार थोडे जण करतात.

खुर्ची मिळाल्यावरची मोठी चूक गजाच्या खुणांची. अप-बो, डाउन-बो (गज कुठे वर, कुठे खाली ओढायचा) आधीच ठरवून बाकीच्या तंतुवाद्यांच्या प्रमुखांपर्यंत पोहोचवल्या नाहीत, तर पहिली तालीम पेन्सिली शोधण्यात जाते. आणि तुमच्या हाताला सोयीचं ते मागच्या सगळ्यांना सोयीचं असेलच असं नाही. इशारा देताना अख्खं अंग हलवणारेही असतात. श्वास आणि गज उचलण्याची नेमकी वेळ एवढं पुरतं, कारण मागचे लोक तुमच्या गजाकडेच बघत असतात.

सोलोंची, म्हणजे ऑर्केस्ट्राच्या रचनेत कॉन्सर्टमास्टरने एकट्याने वाजवायच्या जागांची, भीती उगाच रिम्स्की-कोर्साकोव्हच्या ‘शेहेराझाद’पुरती असते. ब्राम्सच्या पहिल्या सिम्फनीतला, दुसऱ्या भागाच्या शेवटी येणारा सोलो जास्त फसवा आहे. त्यात हॉर्न सोबत असतो. कॉन्सर्टोसारखा वाजवलात तर हॉर्न झाकला जातो. मालरच्या चौथ्या सिम्फनीत स्केर्त्सोसाठी (दुसऱ्या, खेळकर भागासाठी) एक स्वर वर लावलेलं दुसरं व्हायोलिन लागतं. ते त्याच दिवशी चढवलं तर तारा उतरत राहतात, म्हणून काही दिवस आधीच लावून ठेवा.

तार तुटली तर काय, हे शेजाऱ्याशी आधीच ठरवा. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या टँगलवूड संगीत महोत्सवात बर्नस्टाइनचं ‘सेरेनेड’ वाजवताना १४ वर्षांच्या एकल व्हायोलिनवादक मिदोरीची ई तार तुटली. तिने कॉन्सर्टमास्टरचं व्हायोलिन घेतलं, त्याचीही तुटली, मग सहकॉन्सर्टमास्टरचं घेऊन तिने रचना पूर्ण केली. एकलवादकाचा हात आधी तुमच्याकडेच येणार. तुमचं वाद्य गेलं की तुम्ही कोणाचं घ्यायचं, मागे कोणी तार बदलायची आणि सुटी तार कोणाच्या खिशात, हे तालमीतच पक्कं करा.