वेल्डर ट्रेडला प्रवेश घेतलाय? या चुका टाळा

वेल्डर हा आयटीआयमधला एक वर्षाचा ट्रेड. आठवी पासवर प्रवेश मिळतो, त्यामुळे बऱ्याच घरांत त्याचा नंबर 'फिटर, इलेक्ट्रिशियन नाहीच मिळालं तर' असा लागतो. मग मुलगाही वर्ष कसंबसं ढकलतो. वर्षाअखेरीस चाकणच्या नाहीतर शिरोलीच्या एखाद्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये उभा राहतो, तेव्हा समोरचा सुपरवायझर मार्कशीटवर एक नजर टाकून बाजूला ठेवतो, दोन प्लेटा पुढे सरकवतो आणि म्हणतो, "थ्रीजी मार." म्हणजे उभा जोड मारून दाखव. सर्टिफिकेटचं काम गेटपर्यंत आणून सोडण्याचं होतं, ते संपलं. यापुढे सगळं त्या प्लेटवर.

प्रवेश घेताना

जवळचं म्हणून कॉलेज निवडू नका. आधी वर्कशॉप बघून या. बूथ किती, मशिनं किती आणि त्यातली चालू किती, डीसी करंट देणारा रेक्टिफायर किंवा इन्व्हर्टर आहे का, की जुने ट्रान्सफॉर्मरच आहेत, गॅस वेल्डिंगला नव्हे, तर वेल्डला हवेपासून जपायला लागणाऱ्या सीओटू आणि आर्गन वायूंचे सिलिंडर भरलेले असतात की नुसते कोपऱ्यात उभे असतात, हे विचारायला लाजू नका. तिथे शिकणाऱ्या मुलांना एकच प्रश्न विचारा: रोज किती रॉड जाळायला मिळतात? उत्तर 'दोन-तीन' असेल तर दुसरं कॉलेज बघा.

दुसरी गोष्ट, कागदाची. खासगी संस्थांचे तीन-चार महिन्यांचे कोर्स वाईटच असतात असं नाही, सीओटू वेल्डिंगवर (वायर आपोआप पुढे येते ते) हात बसवायला काही चांगले आहेत. पण रेल्वे किंवा सरकारी कंपनीची जाहिरात 'आयटीआय' म्हणते, तेव्हा तिला एनसीव्हीटी किंवा एससीव्हीटीचं, म्हणजे राष्ट्रीय किंवा राज्य व्यवसाय प्रशिक्षण परिषदेचं प्रमाणपत्र हवं असतं. संस्था संलग्न असणं पुरेसं नाही, वेल्डर ट्रेडची ती तुकडी संलग्न आहे का ते बघा. महाराष्ट्रात आयटीआयचे प्रवेश व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या ऑनलाइन प्रक्रियेतून होतात. तिथल्या यादीत जे नाव नाही, त्याची फी भरण्याआधी दहादा विचार करा.

सगळा सराव टेबलावर

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. प्लेट टेबलावर आडवी ठेवून बीड (वेल्डची रेघ) ओढायची, स्लॅग (वर जमणारी खपली) उडवायचा, चकचकीत दिसली की सरांना दाखवायची. हे झालं वनजी. कामावर जॉब असा झोपून राहत नाही. कॉलम उभा असतो, टाकीचा जोड छातीसमोर असतो, बीमची खालची बाजू डोक्यावर असते. म्हणून टेस्टही उभ्या प्लेटांमधल्या आडव्या जोडावर (टूजी), उभ्यावर (थ्रीजी), डोक्यावरच्यावर (फोरजी) होते, आणि पाइपवाल्यांची ४५ अंशांत बांधलेल्या पाइपवर, म्हणजे सिक्सजी.

उभ्या जोडात खालून वर जायला शिका. वरून खाली ओढलेली बीड दिसायला सुंदर आणि वेगानं होते, पण जाड प्लेटमध्ये साधारणपणे वरवरच बसते. खालून वर जाताना करंट सपाट कामापेक्षा दहा-पंधरा टक्के कमी ठेवा, दोन्ही कडांना क्षणभर थांबा आणि मधून पटकन जा. मध्ये रेंगाळलात की धातू पोट काढून खाली लोंबतो.

आणि रूट, म्हणजे जोडाच्या तळाचा पहिला थर! बहुतेक मुलं रूटलाच नापास होतात, कारण वर्षभर त्यांनी फिलेट (काटकोनातले जोड) आणि नुसत्या बीडच मारलेल्या असतात. १० मिलिमीटरच्या दोन प्लेटांना मिळून ६० अंशांचा व्ही करा, टोकाला दीडेक मिलिमीटर फेस (न उतरवलेली सरळ कड) ठेवा, मध्ये अडीच-तीन मिलिमीटर फट. टॅक (प्लेटा जागेवर धरणारे छोटे टाके) पक्के मारा, नाहीतर वेल्ड आकसताना फट मिटते आणि पेनिट्रेशन, म्हणजे तळापर्यंत धातू, कुठून येणार? रूट मारून झाल्यावर प्लेट उलटून मागची बाजू बघायची सवय लावा. टेस्टमध्ये याच जोडाची पट्टी कापून १८० अंशांत वाकवतात. एएसएमई या अमेरिकन संस्थेच्या वेल्डिंग नियमावलीच्या सेक्शन ९ प्रमाणे वाकलेल्या बाजूवर ३ मिलिमीटरपेक्षा मोठी फट उघडली की खेळ खल्लास. वरून ग्राइंडर फिरवून केलेली रंगसफेदी तिथे उघडी पडते.

रॉड कोणता आणि तो होता कुठे

आयटीआयत बहुतेक काम ६०१३ नंबरच्या रॉडवर चालतं. तो रॉड सोशिक आहे, थोडी ओल, थोडा गंज चालवून घेतो. टेस्टला मात्र अनेकदा ७०१८ हातात येतो आणि तिथे गाडी अडते. ७०१८ हा लो हायड्रोजन रॉड. त्याच्या लेपात ओल शिरली तर वेल्डमध्ये हायड्रोजन जातो आणि जोड थंड झाल्यावर, कधीकधी दुसऱ्या दिवशी, तडा दिसतो. म्हणून तो ओव्हनमध्ये ३०० ते ३५० अंश सेल्सिअसला तास-दोन तास भाजतात आणि मग गरम डब्यातून एकेक काढून वापरतात. कोकणातल्या पावसाळ्यात उघडं पाकीट मशीनवर टाकून जेवायला जाणारा वेल्डर मी रोज बघतो, आणि मग ब्लोहोलसाठी (वेल्डमधल्या हवेच्या भोकांसाठी) शिव्या मशीनला.

हा रॉड डीसीवर, होल्डर पॉझिटिव्हला लावून चालवा. साध्या ट्रान्सफॉर्मरवर तो विझत राहतो. अर्धा रॉड थांबवला की टोकावर काचेसारखी टोपी बसते. ती काढायला रॉड आपटू नका, लेप तुटतो आणि पुन्हा ब्लोहोल. टोपी हलकेच घासून काढा आणि आर्क (रॉड आणि प्लेटमधला विजेचा झोत) आखूड ठेवून सुरुवात करा.

जॉब बिघडला की आधी हे बघा

रॉड चिकटतोय? बहुधा करंट कमी आहे किंवा अर्थिंगचा क्लॅम्प रंगावर, गंजावर लावलाय. ३.१५ मिलिमीटरच्या रॉडला ९० ते १३० अँपिअर लागतात, नेमका आकडा पाकिटावर छापलेला असतो, तो वाचा. कडेला खाच पडते, म्हणजे अंडरकट: करंट जास्त, आर्क लांब किंवा हात घाईत. आर्कची लांबी साधारण रॉडच्या तारेच्या जाडीइतकी. स्लॅग आत अडकतो तो बहुतेकदा मागच्या रनची (थराची) साफसफाई टाळल्यामुळे, आधी तेच बघा. सीओटूवर एकाएकी ब्लोहोल यायला लागले तर वायर बदलण्याआधी पंखा बंद करा आणि नोझलमधले स्पॅटर (उडून चिकटलेले धातूचे कण) काढा.

डोळे आणि धूर

टॅक मारताना डोळे मिटून चालतं, हा वर्कशॉपमधला सर्वात जुना गैरसमज. आर्क लागलेला लगेच कळत नाही. काही तासांनी, बहुतेक रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. बटाट्याच्या चकत्या ठेवत बसू नका, डॉक्टर गाठा. १० किंवा ११ नंबरची काच वापरा. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पाइप जोडायचा असेल तर जस्ताचा थर आधी ग्राइंड करून काढा. त्या धुरानं संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो, आणि गूळ-दूध घेतल्यानं तो धूर उतरत नाही. वारा पाठीमागून किंवा बाजूनं येईल असे उभे राहा.

पास झाल्यावर

लगेच ठेकेदाराकडे जास्त रोज मिळतो म्हणून अप्रेंटिसशिप सोडू नका. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखालची अप्रेंटिसशिप पूर्ण करून तिची परीक्षा पास झालात की राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळतं. रेल्वेच्या आस्थापनेत ती केली असेल तर लेव्हल १ च्या (सर्वात खालच्या पदांच्या) भरतीत २० टक्के जागा अशा उमेदवारांसाठी राखीव असतात. मुंबईची जहाजबांधणी कंपनी माझगाव डॉकसुद्धा वेल्डर शिकाऊ घेतं. ठेकेदाराकडे वर्षानुवर्षं ग्रिल आणि शेडच मारत राहिलात तर पाइपला हात लागणार नाही.

सिक्सजीचं प्रमाणपत्र लॅमिनेट करून घेतलं म्हणजे ते जन्माचं झालं, असंही नाही. एएसएमईच्या नियमानुसार त्या प्रोसेसनं सहा महिने वेल्डिंग केलं नाही तर पात्रता संपते, आणि नवी कंपनी सहसा आपली टेस्ट पुन्हा घेतेच. बॉयलरच्या कामाला आयबीआरची (भारतीय बॉयलर विनियमांची) वेगळी परीक्षा असते, ती राज्याच्या बॉयलर विभागामार्फत होते. तुम्ही कोणत्या महिन्यात कोणत्या प्रोसेसनं काम केलं याची नोंद कंपनीचा क्वालिटी विभाग ठेवतो. नोकरी सोडताना पगाराच्या हिशेबासोबत त्या नोंदीची आणि टेस्टच्या रेकॉर्डची प्रत मागून घ्या. सहा महिन्यांनी फोन करून मागितलीत तर बहुधा मिळत नाही.